पिंपळदऱ्याचा नववा लॉर्ड

शेगडीतल्या निखाऱ्यावर ओव्याचा दाणा तडतडला आणि तासभर थोपटून झोपवलेल्या माझ्या लेकीचे डोळे टक्क उघडले.

"झालं! मार्थाआत्या, मूठ भरून कशाला टाकता?"

"मूठ कुठली? चिमूट टाकली. तुझीच पोरगी तिखट कानाची, त्याला मी काय करू?" असं म्हणत आत्यांनी चिमट्याने निखारे सारखे केले आणि पाळण्याची दोरी स्वतःच ओढायला घेतली.

२००८चा जानेवारी होता. रूथ पंचवीस दिवसांची होती. पहिलं बाळंतपण, म्हणून मी माहेरी, नगर जिल्ह्यातल्या आमच्या पिंपळदऱ्याला आले होते. मार्थाआत्या माझ्या सख्ख्या आत्या नव्हेत. सगळ्या ख्रिस्ती आळीच्याच त्या आत्या. एकोणऐंशी वर्षांच्या, बिनलग्नाच्या. आळीतलं पोर न् पोर त्यांच्या हातून न्हालेलं. आता पाठ वाकली म्हणून स्टुलावर बसून नुसते हुकूम सोडायच्या. टाळूला तेल जिरव, पाय ओढ, तोंडावर पाणी घेऊ नको. त्यांचा धाकटा भाऊ सॅम्युएल, आमच्या स्टँडवरचा सायकलवाला, सव्वा वर्षापूर्वी गेला. त्याला मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून आत्यांच्या दुपारी आमच्याकडेच जायच्या.

बाहेर जीप थांबली. दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज आला. ते इंग्रजीत बोलत होते. आई लगबगीने दारात आडवी आली.

"अहो, बाळंतिणीच्या खोलीत परकं माणूस आणता?"

"बाईमाणूस आहे. आणि वह्यांची ट्रंक आतच आहे ना? का ट्रंक न्यायची चौकात?"

ते खरंच होतं. देवळाचं छप्पर गळायला लागल्यापासून (चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात) सव्वाशे वर्षांच्या नोंदवह्या माझ्या खाटेखाली पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, सगळं. दादा मास्तरकीतून निवृत्त झाले आणि त्या वह्यांचे राखणदार झाले.

पाहुणी वाकून आत आली. साठीची, उंच, सँडलमध्ये मोजे घातलेली. दारातच तिने सँडल काढले, मोजे मात्र ठेवले. नाव हिलरी क्रॉफ्ट. इंग्लंडहून आली होती. जुन्या घराण्यांच्या वंशावळी शोधून देणं हा तिचा धंदा. तिला इसवी सन अठराशे अठ्ठ्याण्णवच्या बाप्तिस्म्याच्या वहीतली एक नोंद पाहायची होती, तिचा फोटो घ्यायचा होता, आणि संध्याकाळच्या आत पुण्याला पोचायचं होतं.

दादा ट्रंक उपसायला लागले तशी ती खाटेच्या कडेला टेकली आणि रूथच्या मुठीत तिने आपलं बोट दिलं.

"किती गोड! हिचे वडील?" माझं बी.ए. इंग्रजी घेऊनच झालेलं, त्यामुळे बोलायला अडत नव्हतं.

"नाशिकला असतात."

"आणि तू इथे. आईवडिलांकडे."

"हो, ऑक्टोबरपासून."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "आय ॲम सो सॉरी, माय डिअर."

नवरा नाशिकला असण्यात एवढं वाईट काय, ते मला कळेना. आईने विचारलं, "काय म्हणते?" मी म्हटलं, "बाळ गोड आहे म्हणते."

"थुंक म्हणावं मग," आत्या म्हणाल्या. "नुसतं गोड म्हणू नये."

वही सापडेपर्यंत हिलरीबाईंनी कशासाठी आल्या ते सांगितलं, आणि मी ते तुकड्यातुकड्याने मराठीत करत गेले. इंग्लंडात थॉर्नहॅलोचे लॉर्ड म्हणून एक घराणं होतं. दोनशे वर्षांपूर्वी त्यातल्या मूळ पुरुषाने लढाईच्या दिवसांत राजाच्या आरमाराला शिडाचं कापड पुरवलं. राजा खूश झाला. त्याने चामड्यावर सनद लिहून दिली, खाली मेणाची मोहोर.

"केवढी मोहोर?" दादांनी ट्रंकेतून डोकं वर काढून विचारलं.

तिने हाताने दाखवली.

"भाकरीएवढी!" आई म्हणाली.

त्या सनदेत लिहिलं होतं की हा किताब त्याला आणि त्याच्या देहापासून कायदेशीर जन्मलेल्या पुरुष वारसांना, पिढ्यान् पिढ्या. तसा तो चालत आला. दुसऱ्याने जमिनी वाढवल्या, तिसऱ्याने त्या घोड्यांच्या शर्यतींवर उडवल्या, चौथ्याने राहता महाल विकला. सहाव्याने मधमाश्यांवर जाडजूड पुस्तक लिहिलं, ते त्याच्या बायकोनेसुद्धा वाचलं नाही. आठवा लॉर्ड २००६च्या फेब्रुवारीत वारला. त्याला मुलगा नव्हता.

"मग आता जमीन कुणाला?" आईने विचारलं.

"जमीन नाहीच. घरही नाही. पार्लमेंटातली खुर्चीसुद्धा आता अशी वारशाने मिळत नाही."

"मग उरलं काय?"

"नाव."

"एवढ्या एका नावासाठी विमानाने आली ही? हिला चहा टाकते मी, गवती चहा घालून."

नाव घ्यायला कॅनडातला एक दातांचा डॉक्टर तयार होता. तो पाचव्या लॉर्डच्या सगळ्यात धाकट्या भावाचा नातू. अडचण एवढीच, की पाचव्या लॉर्डला मधला आणखी एक भाऊ होता. तो लष्करात कॅप्टन, नगरच्या छावणीत घोड्यांच्या खात्यावर. नियमाने आधी त्याची शाखा बघायची, ती संपली असेल तरच कॅनडाकडे वळायचं.

"एडमंड थॉर्न त्याचं नाव," हिलरीबाई म्हणाल्या. "त्याने इथल्याच एका मुलीशी लग्न केलं होतं."

आत्यांच्या हातातला चिमटा निखाऱ्यांवरच थांबला.

मी दादांकडे पाहिलं. दादांनी वहीत मान घातली. हे नाव आमच्या आळीत मोठ्याने कुणी घेत नसे, निदान मार्थाआत्यांसमोर तरी नाही. राहेल साळवे ही आत्यांची आजी. नगरला गोऱ्या कॅप्टनाशी लग्न करून गेली आणि दीड वर्षात बापाच्या घरी परत आली, ती पुन्हा गेलीच नाही. इथेच तिला मुलगा झाला, इसहाक. तो आत्यांचा बाप. गावाने दोन आणि दोन जोडून पाच केले होते. साहेबाने टाकली, का हीच सोडून आली, आणि पोर कुणाचं कोण जाणे. आत्या एकोणीस वर्षांच्या असताना राहुरीचं स्थळ ठरलं होतं. साखर वाटून झाली होती. मग मुलाच्या मामाने पंचांसमोर एकच प्रश्न टाकला, "मुलीचा बाप कुणाचा?" स्थळ मोडलं. त्यानंतर आत्यांनी दुसरं येऊच दिलं नाही.

"सुवार्ता," आत्या मला म्हणाल्या, अगदी सरळ आवाजात. "त्या बाईच्या कागदात माझ्या आजीचं काय लिहिलंय, विचार."

मी विचारलं. हिलरीबाईंना तोवर कळलं नव्हतं की शेगडीशी बसलेली म्हातारी कोण. मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी फाईल मांडीवर घट्ट धरली.

"मला ठाऊक नव्हतं. मला सांगितलं होतं की घराण्यात कुणी राहिलेलं नाही."

"पुरुष कुणी राहिलेला नाही," दादा म्हणाले.

"काय लिहिलंय?" आत्यांनी पुन्हा विचारलं.

मला ते मराठीत करवेना. लंडनच्या वकिलाने मसुदा तयार ठेवला होता. फक्त दोन ओळी. कॅप्टनची पत्नी १८९७च्या ऑगस्टमध्ये त्याला सोडून गेली. तो ऑक्टोबरात पुण्याला तापाने वारला. तिच्या मुलाचा बाप्तिस्मा त्यापुढच्या जूनमधला. सबब, मूल कॅप्टनचं नाही. या दोन ओळी सरकारी नोंदीत एकदा चढल्या की कायमच्या.

दादांना नोंद सापडली होती. त्यांनी वही उघडून खाटेवर ठेवली. १२ जून १८९८. इसहाक. आई राहेल. बाप एडमंड थॉर्न, मयत. जन्मतारखेचा रकानाच त्या काळच्या वहीत नव्हता.

"बघ," हिलरीबाई हळूच म्हणाल्या. "ऑगस्ट ते जून, दहा महिने."

मी आत्यांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे राहुरीचा मामा तिकडं इंग्लंडातबी हाय."

आत्यांनी चिमटा निखाऱ्यांत खुपसला.

"सोडून गेली हे कशावरून?" मी विचारलं. मला राग आला होता. बाळंतिणीला राग लवकर येतो म्हणतात, तसाही असेल.

"त्याने स्वतः भावाला लिहिलंय." त्यांनी फाईलमधून एका पत्राची झेरॉक्स काढली. "पहिलं पान हरवलंय, दुसरं आहे. तारीख बावीस ऑगस्ट."

अक्षर तिरकं आणि गिचमीड होतं. मी वाचत गेले आणि लगेच मराठीत म्हणत गेले.

"…सकाळपासून बायका जमल्या. तिची आई बैलगाडीने आली होती. त्यांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरले. केसांत, गळ्यात, दंडावर फुलं बांधली. मग तिला फुलं लावलेल्या झोपाळ्यावर बसवलं…"

आई चहा गाळता गाळता थांबली.

"…गाणी चालली होती. मला दूर अंगणात खुर्ची दिली होती. तिच्यासमोर दोन झाकलेल्या वाट्या आणल्या. तिने एक उघडली, आत पांढरी चौकोनी मिठाई निघाली. सगळ्या ओरडल्या, हसल्या. कशाला, ते मला कुणी सांगितलं नाही…"

"अगं बाई!" आईने गाळणं खाली ठेवलं.

"…तिच्या पदरात तांदूळ, नारळ आणि फळं घातली. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेले. हे वर्ष सरेपर्यंत ती येणार नाही, असं तिची आई सांगते. घर खायला उठतं. त्यात मला साथीच्या कामावर पुण्याला जायचा हुकूम आलाय…"

"अगं, हे डोहाळजेवण आहे!" आई जवळजवळ किंचाळलीच. रूथ दचकली. "सातव्या महिन्याचं! बर्फी निघाली, बर्फी!"

मी आत्यांकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. ओठ हलत होते, आणि एका हाताच्या बोटांवर त्या काहीतरी मोजत होत्या. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर.

"काय झालं?" हिलरीबाई एकेकाकडे बघत होत्या. "वकिलांनी एका जाणकाराला विचारलं होतं. तो म्हणाला, पत्नीला परत पाठवण्याचा काहीतरी देशी विधी असावा."

"जाणकार पुरुष होता का?" आईने विचारलं. हे मी जसंच्या तसं इंग्रजीत केलं.

"…हो."

आई आत गेली आणि अल्बम घेऊन आली. ऑक्टोबरातला, माझा. तिने तो पत्राशेजारी उघडून ठेवला. मी हिरव्या साडीत, कोपरापर्यंत हिरवा चुडा, डोक्यावर फुलांचा मुकुट, दादांनी तुळईला बांधलेल्या झोपाळ्यावर. पुढच्या पानावर दोन झाकलेल्या वाट्या आणि त्यावर वाकलेली मी. त्याच्या पुढच्या पानावर माझा नवरा, दूर अंगणात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, भांबावलेला.

हिलरीबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्या शेवटच्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं.

"हा कोण?"

"नवरा माझा."

"तुम्ही… वेगळे नाही झालात?"

"रविवारी येतोय तो. दर रविवारी येतो. पहिल्या बाळंतपणाला बाई माहेरी जाते हो! सातव्या महिन्यात हे असं करून नेतात, आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की सासरी पोचवतात."

त्यांचा चेहरा मघापेक्षाही लाल झाला. मग त्या हसायला लागल्या. पेन्सिल काढून त्यांनी हिशेब मांडला. ऑगस्टमध्ये सातवा, म्हणजे मूल ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात.

"पण मग बाप्तिस्म्याला जून का उजाडला? तुमच्याकडे तर महिन्या-दोन महिन्यांत करतात, मी बाकीच्या नोंदी पाहिल्या."

हे मलाही ठाऊक नव्हतं. उत्तर आत्यांनी दिलं. निखाऱ्यांकडे बघत बोलत होत्या.

"आजी सांगायची. नाव ठेवायला आत्या लागती. पोराच्या बापाची बहीण. ती इलायतेत. माझ्या पणजोबानं तीन पत्रं धाडली, पोरगा झालाय, कुणीतरी या, न्हाईतर नाव तरी कळवा. पोर बसाय लागलं तरी कुणी आलं न्हाई. मग पाळकसाहेब म्हणले, आता थांबू नका."

मी ते इंग्रजीत सांगितलं.

हिलरीबाईंनी इसहाकच्या मुलांची नावं लिहून घेतली, मार्था आणि सॅम्युएल. चहा गार झाला. मग त्यांनी विचारलं, "तुमचे भाऊ कधी वारले?"

"दोन हजार सहा, नोव्हेंबर," दादांनी वही न बघता सांगितलं.

"आठवा लॉर्ड त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला." त्यांनी बोटांवर महिने मोजले. "म्हणजे नऊ महिने… तुमचे भाऊ नववे लॉर्ड थॉर्नहॅलो होते."

दादा म्हणाले, "लॉर्डाने माझ्या सायकलचं पंक्चर काढलंय. आणि मी आठ आण्यांसाठी त्याच्याशी घासाघीस केलीय."

आत्यांना हसू आलं. पदर तोंडाला लावून त्या हसत राहिल्या. "त्या नऊ महिन्यांत दम्यानं बसून रात्री काढल्या त्यानं. म्हणायचा, अक्का, पाठ चोळ. लॉर्डाची पाठ चोळली गं मी!" आणि मग तोच पदर त्यांनी डोळ्यांना लावला.

हिलरीबाईंनी फाईल मिटली. "मला खरं सांगायला हवं. माझा कॅनडातला अशील नववा व्हायला निघालाय. हे मी लिहिलं तर तो दहावा होईल. त्याला ते आवडणार नाही, वकिलाला तर नाहीच. किताब त्यालाच मिळणार, तुमच्या बाजूला पुरुष वारस उरला नाही. तुम्हाला यातून काहीच मिळायचं नाही. तरी हवंय?"

मी आत्यांना सांगितलं.

"किताब घाल म्हणावं चुलीत. आजीच्या नावापुढं बायको लिहिती का, एवढं विचार."

"लिहीन," हिलरीबाई म्हणाल्या. "पण साक्ष लागेल. ज्यांनी हा विधी स्वतः केलाय अशा बायकांची."

त्या दुपारी माझ्या खाटेवर कागद पसरून तो जबाब लिहिला गेला. कुठल्या महिन्यात करतात, वाट्यांत काय असतं, बर्फी निघाली तर काय म्हणतात, पेढा निघाला तर काय. आई एकेक तपशील सांगे आणि "हे लिहिलं का?" म्हणून कागदात डोकावे. मी सही केली, आईने केली. आत्या चौथीपर्यंत शिकल्या होत्या. त्यांनी पेन हातात घेतलं, आणि मार्था इसहाक एवढं लिहून थांबल्या. मग पुढे, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असेल, थॉर्न असं लिहिलं. हळूहळू, रूथच्या अंगाला तेल लावल्यासारखं.

हिलरीबाई निघाल्या तेव्हा अंधार पडायला आला होता. मोजे काढून, सँडल काखोट्यात मारून अनवाणीच जीपपर्यंत गेल्या.

डिसेंबरात पाकीट आलं. छापील वंशावळ, एकच पान. मी नाताळासाठी रूथला घेऊन आले होते. आत्यांनी चष्मा आणलाच नव्हता. "तू वाच."

मी वाचलं. एडमंड, मधला पुत्र. पत्नी राहेल, पिंपळदरा येथील गुलाबराव साळवे यांची कन्या. त्यांचा एकुलता पुत्र इसहाक. त्याचा पुत्र सॅम्युएल, नववा लॉर्ड, फेब्रुवारी ते नोव्हेंबर २००६.

"पत्नी कुठं लिहिलंय, दाखव."

मी त्यांचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ तिथंच ठेवलं. सॅम्युएलच्या नावाशेजारी आणखी तीन शब्द होते, ते मी वाचले नाहीत. त्यांनीही विचारलं नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी आत्या गेल्या. त्यांचं बायबल त्यांनी माझ्यासाठी ठेवलं होतं. कागद त्यातच घडी करून होता.

परवा धाकट्याला झोपवून मी उठले, तर रूथ ते बायबल मांडीवर घेऊन बसलेली. आठ वर्षांची झालीय. इंग्रजी अक्षरं बोटाने लावून वाचते. तिला मी सगळी गोष्ट सांगितली, बर्फीपासून पंक्चरपर्यंत. ती खूप हसली. मग बोट त्या तीन शब्दांवर थांबलं.

"अँड अ डॉटर. ही कोण?"

"मार्थाआजी."

"मग नाव का नाही लिहिलं?"

"त्या कागदात मुलांपैकी ज्यांच्याकडून किताब पुढे जातो त्यांचीच नावं असतात. मुलीकडून जात नाही."

"ती सॅम्युएल आजोबांपेक्षा लहान होती?"

"तीन वर्षांनी मोठी."

"आणि तो गेला तेव्हा ती जिवंत होती?"

"हो. तुला आंघोळ कशी घालायची ते तीच सांगायची मला."

"असा नियम कुणी केला?"

"राजाने. दोनशे वर्षांपूर्वी."

तिने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"आई, तो नियम लिहिला तेव्हा तिथे एकसुद्धा आई नव्हती का?"